मुट्टब्याड! मातीच्या अ‍ॅनिमेशनचा संच वर्षभर वापरल्यावर

मागवण्याआधी या संचाबद्दल मराठीत कुणी काही लिहिलंय का, ते मी शोधलं होतं. सापडलं नाही, म्हणून आता मीच लिहिते. कंपनीचं नाव घालत नाही. असल्या खोक्यांतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो, आणि मला सांगायचंय ते कुठल्याही खोक्याला लागू पडेल.

आमची बेळगावात अनगोळला गणपतीची मूर्तिशाळा आहे, आजेसासऱ्यांनी सुरू केलेली. गणपती झाले की नवरात्राच्या देवी, मग दिवाळीच्या किल्ल्यांवरचे मावळे. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात, त्यामुळे मावळ्यांना मागणी चांगली असते. डिसेंबर लागला की मात्र शाळा रिकामी. लांबलचक पत्र्याची शेड, फळ्या, पाट, मातीचे ढीग, सगळं तसंच पडून असतं. दोन वर्षांपूर्वी मी गल्लीतल्या मुलांना रविवारी मातीकाम शिकवायला लागले. आता नऊ जण येतात, वय नऊ ते चौदा. सहा मराठी शाळेतले, दोन कानडी शाळेतले, एक इंग्रजी माध्यमातली. गेल्या डिसेंबरात माझ्या पुतण्याने मोबाइलवर एक मातीचा बाहुला चालताना दाखवला आणि म्हणाला, "काकू, हे आपण करूया की." त्याच रात्री संच मागवला. ३,४९९ रुपये.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. ते फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुला चालतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. आपण १२ फोटो काढून एकेक दोनदा दाखवला तरी डोळ्याला चालतं. म्हणजे दहा सेकंदांच्या गोष्टीला १२० फोटो. आमची मुलं एका तासात साठ-सत्तर काढतात, त्याहून घाई केली की काहीतरी बिघडतं.

खोक्यात काय आलं ते सांगते. बारा रंगांच्या मातीच्या वड्या, प्लास्टिकच्या सांध्यांचे चार सांगाडे, मोबाइल धरणारा वाकवता येणारा स्टँड, यूएसबीवर चालणारे दोन छोटे एलईडी दिवे, मोबाइलला हात न लावता फोटो काढायचं ब्लूटूथचं बटण, हिरवं कापड, छापलेली तीन पार्श्वचित्रं आणि इंग्रजी-हिंदीतली चोवीस पानांची पुस्तिका. एक दिवा फुटलेला होता. फोटो पाठवला, नऊ दिवसांत नवा आला, काही वाद घातला नाही. कापड आणि चित्रं आम्ही एकदाही वापरली नाहीत. मुलांना मागचा देखावा स्वतः रंगवायचा असतो, तो आनंद छापील कागदाला येत नाही.

आता स्टँड. खरं तर या सगळ्या लेखातलं महत्त्वाचं हेच आहे.

हा स्टँड म्हणजे सापासारखी वळणारी एक नळी. एका टोकाला टेबलाला आवळायचा चिमटा, दुसऱ्या टोकाला मोबाइलचा चिमटा. दिसायला सोयीचा, हवा तसा वळतो. पण हवा तसा वळतो म्हणजेच नको तेव्हाही वळतो. मोबाइलच्या वजनाने ती नळी तासाभरात हळूहळू खाली येते. इतकी हळू की बघणाऱ्याला कळत नाही. आमच्या पहिल्या रविवारी मुलांनी चिंचोक्यांची रांग शहाबादी फरशीवरून चालवली, ८४ फोटो. लावून बघितलं तर चिंचोके चालत होते ते बाजूलाच, अख्खी फरशीच वर सरकत होती. शिवाय दर फोटोला सगळं चित्र थरथरत होतं, कारण पडद्यावर बोट टेकलं की नळी हलायची. मुलांची तोंडं उतरली. नवव्या वर्षी दोन तास न बोलता, न हलता काम करायचं आणि हाती हे.

ब्लूटूथचं बटण तेव्हा खोक्यातच होतं, मीच ते बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या रविवारपासून मोबाइलला हात लावायचा नाही, बटणच दाबायचं, असा नियम केला. नियम मी मराठीत सांगितला होता, पण तो टिकला कानडीत. कानडी शाळेतला एक मुलगा कुणाचा हात मोबाइलकडे गेला की ओरडायचा, "मुट्टब्याड!" हात लावू नको. आठवडाभरात नऊच्या नऊ जण तोच शब्द ओरडायला लागले. आता आमच्या वर्गात मोबाइलला, टेबलाला, दिव्याला, फळीला, ज्याला शूटिंग चालू असताना धक्का लागता कामा नये त्या सगळ्याला 'मुट्टब्याड' म्हणतात. "बाई, हा स्टूल मुट्टब्याड आहे का?" असं विचारतात.

नळीचा प्रश्न मात्र शब्दाने सुटण्यासारखा नव्हता. तो माझ्या धाकट्या दिरांनी सोडवला. भावजी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी मूर्ती उचलायच्या जुन्या पाटाला दोन इंची चौकटीचा सागवानी खांब ठोकला, वर आडवी पट्टी लावली, आणि संचातला मोबाइलचा चिमटा तेवढा कापून पट्टीला नट-बोल्टने आवळला. पाटावर वाळूची पिशवी. खर्च शून्य, लाकूड घरचंच. त्या दिवसापासून चित्र हललं नाही. म्हणजे ३,४९९ रुपयांतल्या स्टँडचा आज आम्ही फक्त अंगठ्याएवढा भाग वापरतो.

तुमच्या घरी सुताराचं कुणी नसेल तर पोळपाट भिंतीला टेकवून त्यावर रबरबँडने मोबाइल बांधा, पुढे वजनाला पाटा-वरवंटा ठेवा. चालतं. आम्ही निपाणीला माझ्या बहिणीकडे तसंच केलं होतं. मोबाइल विमान मोडवर टाकायला मात्र विसरू नका. तिच्याकडे मधेच फोन आला आणि कंपनाने मोबाइल बोटभर सरकला, तेवढ्याने पन्नास फोटो वाया गेले.

दिव्यांबद्दल चांगलं बोलायचं आहे. सुरुवातीला मी शेडमधल्या उजेडावरच भागवणार होते. छपरात दोन पारदर्शक पत्रे आहेत, दुपारी भरपूर उजेड येतो. पण ढग आला की फोटो काळपट, ऊन आलं की पांढरा. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, डोळा जुळवून घेतो. फोटो एकापुढे एक लागले की पडदा विझल्या-पेटल्यासारखा लपलपतो. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते, बाहुला जागचा हलला नाही तरी त्याची सावली घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसते. म्हणून बाहेरचा उजेड बंद करायलाच हवा. मग ट्यूबलाइट लावून बघितली. वेगळाच त्रास. आपल्याकडची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, त्यामुळे कित्येक ट्यूब आणि स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. मोबाइलने कमी वेळात फोटो टिपला की कधी प्रखर क्षण पकडला जातो, कधी मंद. कधीकधी चित्रावर आडवे पट्टे येतात.

संचातले दिवे पॉवर बँकेवर लावले आणि हा ताप गेला, कारण पॉवर बँकेतून येणारी वीज एकसारखी वाहते. वीज गेली तरी काम थांबत नाही. आमच्याकडे एप्रिल-मेच्या वळवात वीज रोज जाते, तेव्हा हे फार उपयोगी पडलं. एक मात्र करा: या दिव्यांना उजेड कमी करायचं बटण आहे, ते वापरू नका. कमी केल्यावर ते दिवे आतल्या आत लुकलुकून मंदपणा आणतात आणि पुन्हा पट्टे दिसू लागतात. पूर्ण उजेड ठेवून पुढे बटर पेपर लावा.

उजेडाचं आणखी एक. पहिल्या महिन्यात मुलं शनिवारच्या शाळेतले पांढरे शर्ट घालूनच यायची. पांढरा शर्ट पुढे वाकला की बाहुल्याच्या गालावर उजेड पडतो, मागे गेला की जातो. कळायला मला तीन रविवार लागले. मामंजींनी घरातलं धनगरी घोंगडं काढून दिलं. काळंभोर, जाड. ते आता टेबलाच्या अलीकडे दोरीवर टांगतो आणि बटण दाबण्याआधी सगळे त्याच्या मागे जातात.

मातीकडे वळते, कारण तो माझा रोजचा विषय.

संचातल्या वड्या तेलाच्या मातीच्या आहेत, प्लॅस्टिसिनच्या जातीच्या. ती वाळत नाही, पुन्हा पुन्हा वापरता येते. १८९७ मध्ये इंग्लंडातल्या बाथ गावी विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने ही माती काढली ती याच गरजेपोटी. विद्यार्थ्यांची माती वाळून जायची आणि काम अर्धवट राहायचं. मला सुरुवातीला वाटलं होतं, आमच्याकडे शाडूचा ढीग पडलाय, विकतची माती कशाला? शाडूचा बाहुला तारेवर चढवला. मामंजी बघत होते. म्हणाले, "अगं, तार घातलीस की तडकणारच. वाळताना माती आकसते, तार कुठं आकसते?" तसंच झालं. अर्ध्या तासात कोपराला भेग, पाऊण तासात गुडघ्याला. पाणी लावून भेग मिटवली तर तिथला रंग गडद दिसायला लागला. गणपती जागचा हलत नाही म्हणून शाडू त्याला शोभतो. ज्याला शंभर वेळा हात वर करायचाय त्याला तेलाचीच माती हवी.

वड्यांचा दर्जा मध्यम आहे. लाल आणि निळा रंग हाताला लागतात आणि मग पिवळ्यावर त्यांचे ठसे उठतात. लाल हाताळणाऱ्याने पिवळ्याला हात लावायचा नाही, असं वाटून दिलं की काम नीट होतं. शेजारी ओलं फडकं ठेवा. खरा प्रश्न प्रमाणाचा. बारा वड्या मिळून दोन बाहुले होतात, तिसऱ्याला माती उरत नाही. नऊ मुलांत दोन बाहुले म्हणजे भांडणच. पुन्हा मागवायची तर नुसत्या मातीचे सहाशे रुपये.

म्हणून आम्ही घरी केली. वस्त्रगाळ केलेला कोरडा शाडू, मेण आणि तेल. मेण मंद आचेवर पातळ करायचं, त्यात तेल, मग उतरवून थोडा थोडा शाडू घालत कणकेसारखं मळायचं. मेण तापवायचं काम मोठ्यांनीच करायचं, मुलांना लांब ठेवा, आणि पातेलं पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, थेट विस्तवावर नको. पहिल्या खेपेला खोबरेल घातलं. घरात होतं म्हणून. डिसेंबरातल्या सकाळी माती विटेसारखी कडक, दुपारी दोनला लोण्यासारखी मऊ. मग लक्षात आलं, खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं तसंच ते मातीतही गोठणार. बेळगावची थंडी तेवढी असते. दुसऱ्या खेपेला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घातलं, त्यावर हवेचा फरक फार पडत नाही. जेवणातलं तेल नको, काही महिन्यांनी चिकट होतं आणि वास येतो. रंगाला मूर्तीचे कोरडे पावडर रंग. संचातल्या मातीइतकी ती मऊ नाही, पण बोटांचे ठसे कमी उठतात, आणि मला ती जास्त आवडते. ज्यांच्याकडे शाडू नाही त्यांना खानापूरला माती मिळेल. कुंभारकाम, कौलं, विटा यांचा तो जुना मुलूख, केंद्रीय कुंभारी संस्थाही तिथेच आहे. तिथली लाल माती मी गाळून वापरली. बाहुल्याचा रंग रापलेल्या शेतकऱ्यासारखा सुंदर आला, वेगळा रंग घालावाच लागला नाही.

सांगाडे मात्र वाईट. प्लास्टिकचे सांधे पहिले पंधरा दिवस घट्ट असतात, मग सैल पडतात. बाहुल्याने हात वर केला की तो फोटो काढेपर्यंत अर्ध्यावर येतो. चारांपैकी तीन मार्चपर्यंत निकामी झाले. लहान मुलांना यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची तार बरी. मोटर वाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. दोन तारा एकत्र पिळून घ्यायच्या, छाती आणि कंबरेच्या जागी एम-सील लावून कडक करायचं, गुडघा-कोपर मोकळे ठेवायचे. एका ठिकाणी शे-दोनशे वेळा वाकवली की तार तुटते, कारण दर वाकवण्याने धातू थकतो. म्हणून दर बाहुल्यामागे एक जादा सांगाडा वळून ठेवायचा. तुटला की रडारड नको.

भावजींनी याहून पुढे जायचं ठरवलं. मोठ्या स्टुडिओंतले बाहुले गोळी-आणि-खोबणीच्या सांध्यांचे असतात. दोन छोट्या पट्ट्या, मधे पोलादी गोळ्या, पट्टीच्या मध्यावर एक स्क्रू. स्क्रू आवळला की सांधा घट्ट, सैल केला की मोकळा, आपल्या हाताला लागेल तसा. गोळ्या म्हणून त्यांनी बेअरिंगचे छरे आणले. ड्रिल लावला तर बिटच जळली. बेअरिंगचं पोलाद मुद्दाम कडक केलेलं असतं. मग त्यांनी छरे लालबुंद तापवून चुलीच्या राखेत गाडले आणि रात्रभर सावकाश निवू दिले. "वहिनी, आता बघा," म्हणाले, आणि सकाळी लोखंडासारखं भोक पडलं. कारखान्यात यालाच ते अ‍ॅनिलिंग म्हणतात. एका सांगाड्याला चौदा सांधे, चार रविवार गेले, पण तो सांगाडा आज आठ महिने झाले तरी हात वर करून तसाच उभा राहतो. उद्यमबागेतला कुणी हे वाचत असेल तर मनापासून विनंती करते, असे सांगाडे करून विका. शिकवणाऱ्यांना त्यांची फार गरज आहे आणि ही कारागिरी तुमच्या हातात आधीच आहे.

पाय जमिनीला धरून ठेवणं ही वेगळीच कसरत असते. चालणारा बाहुला अर्धा वेळ एका पायावर उभा असतो, तो पडणारच. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. आम्ही तळव्यात लोखंडी वायसर बसवले, टेबल म्हणून पातळ पत्रा घेतला आणि पत्र्याखाली भंगारातल्या स्पीकरचं लोहचुंबक धरलं. उडी मारायची असेल तर वरून तंगुसाने टांगतो. तंगूस मागच्या रंगाजवळचा निवडला तर फोटोत दिसत नाही.

अ‍ॅपबद्दल फार लिहायची गरज नाही. संचासोबत अ‍ॅप येत नाही, पुस्तिकेत 'कुठलंही घ्या' एवढंच आहे. आम्ही 'स्टॉप मोशन स्टुडिओ' घेतलं, सुरुवातीला फुकटचंच. त्यातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे आधीचा फोटो फिकट होऊन नव्या चित्रावर दिसतो, त्यामुळे बाहुला किती हलवला ते कळतं. मुलं त्याला 'भूत' म्हणतात. "भुतापासून एक तांदूळ पुढं ने," असं एकमेकांना सांगतात. दुसरं, मोबाइलला स्वतःहून उजेड, फोकस आणि रंग ठरवू देऊ नका, तिन्ही कुलूपबंद करा. नाहीतर चित्रात हात आला आणि गेला की मोबाइल गोंधळतो आणि सगळ्याचा रंग बदलून टाकतो.

पुस्तिका हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे, आणि शिकवणारी म्हणून मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. त्यात म्हटलंय, दर फोटोला बाहुला सारख्याच अंतराने हलवा. तसं केलं की बाहुला आगगाडीच्या डब्यासारखा सरकतो. जिवंत वस्तू अशी हलत नाही. मुलांना हे समजावायला मी झोपाळा वापरला. शेडबाहेर आंब्याला आहे. एकीला बसवलं, बाकीच्यांना विचारलं, कुठे वेग जास्त, कुठे कमी? दोन्ही टोकांना झोपाळा क्षणभर थांबल्यासारखा होतो, मधे सुसाट जातो. मग कागदावर त्याच्या जागा काढल्या: टोकांना दाट ठिपके, मधे विरळ. तोच कागद पत्र्यावर ठेवून मातीचा गोळा त्या ठिपक्यांवरून चालवला. पहिल्यांदा गोळा झोपाळ्यासारखा झुलला तेव्हा इंग्रजी माध्यमातली पोरगी, जी एरवी बोलतच नाही, ती दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी राहिली. "नोड्री, नोड्री!" बघा, बघा, म्हणत कानडी पोरगं नाचायला लागलं. एवढी एक गोष्ट पुस्तिकेत असती तर संचाची किंमत वसूल झाली असती.

आणखी एक खटकलं. पुस्तिकेत इतिहासाचं एक पान आहे, सगळं परदेशातलं. त्यात चूक काही नाही, १९७२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओने मातीत केलेलं काम थोर आहे आणि मुलांना ते आवडतंच. पण आपल्या पोरांच्या हातात खोकं द्यायचं तर त्यात दादासाहेब फाळके हवेत. मटाराचा दाणा पेरून, ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत त्यांनी त्याचं रोप वाढताना दाखवलं होतं. पुढे आगकाड्या हलवून त्यांची मौजही पडद्यावर आणली. नाशिकच्या माणसाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर हे केलं.

मी मुलांना हे सांगितलं तर त्यांना लगेच तसंच करायचं होतं. मटार नव्हता, मटकी होती. ओल्या फडक्यावर वीस दाणे, वर मोबाइल, संचातले दिवे अखंड चालू, अ‍ॅपला दर अर्ध्या तासाने फोटो काढायला लावलं. दोन दिवस, ९६ फोटो, आठ सेकंद. मोबाइल माझाच होता, त्यामुळे दोन दिवस मी फोनविना. रात्री दोनदा उठून फडक्यावर पाणी शिंपडलं, फोटो होऊन गेल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या फोटोपर्यंत पाणी जिरतं. मटकीला मोड फुटून ती एकमेकींना ढकलत वर येताना दिसली. ते आठ सेकंद मामंजींनी सलग सहा वेळा बघितले. मातीखेरीज दुसऱ्या कशाकडे त्यांना इतका वेळ बघताना मी पाहिलं नव्हतं.

मुलांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे विहिरीवर घागर भरणारी बाई. ३८ सेकंद, ४५६ फोटो, पाच रविवार. कामं वाटून दिली होती: एक हलवणारा, एक बटणवाला, एक वहीत लिहिणारी. कितवा फोटो, कुठला हात, किती हलवला. ही वही नसेल तर पुढच्या रविवारी कुणालाच आठवत नाही बाई वाकत होती की उठत होती. खोक्यावरच्या चित्रात एकटा मुलगा टेबलाशी बसलेला आहे. माझा अनुभव असा की एकट्या मुलाचा हुरूप वीस फोटोंत संपतो, तिघांचा दोन तास टिकतो. म्हणून घरी घेत असाल तर शेजारच्या दोन मुलांना बोलवा, अगदी पहिल्या दिवसापासून.

तर घ्यावा का? ज्यांच्याकडे काहीच नाही, जवळ बाजार नाही, आणि मुलाला वाढदिवसाला काहीतरी द्यायचंय, त्यांनी घ्यायला हरकत नाही. खोकं उघडलं की मूल त्याच दिवशी कामाला लागतं, हे खरं आहे. पण जो बेळगावात राहतो, ज्याला खडेबाजारात जाता येतं, त्याने अख्खा संच घेऊ नये. दोन यूएसबी दिवे, मोबाइलचा चिमटा आणि ब्लूटूथचं बटण सुटं मिळतं, मी विचारून आले, सगळं मिळून साताठशेंच्या आत. तार वाइंडिंगवाल्याकडून, लोहचुंबक भंगारातून, पत्रा कुठल्याही टिनवाल्याकडून. तेलाची माती सुरुवातीला एक पाकीट विकत घ्या, पुढे घरी करा. उरलेल्या पैशांत चांगली पॉवर बँक येते, ती घ्या.

नऊ वर्षांखालच्या मुलांना बाहुले देऊ नका. चिंचोके, सागरगोटे, बटणं द्या, आणि फरशीवर वरून फोटो काढू द्या. पडत नाही, तुटत नाही, आणि तासाभरात काहीतरी चालताना दिसतं.

आमचा यंदाचा वर्ग मावळ्यांची मागणी संपली की सुरू होईल. मुलांनी ठरवलंय, किल्लाच करायचा आणि त्यावरचे मावळे चालवायचे. नवीन बावीस सांधे लागणार आहेत. भावजींनी छरे आणून राखेत टाकलेत.